रात्रीच्या माणसांसाठी: कोल्हापुरात राहून, शिकताना नेहमी पडणारे प्रश्न

कोल्हापूर हे पहाटेचं शहर. तालमींत चारला दंड-बैठका सुरू होतात, अंबाबाईच्या देवळात काकडआरती होते, दूधवाले किटल्या घेऊन बाहेर पडतात आणि उजाडायच्या आत रंकाळ्यावर फिरणाऱ्यांची वर्दळ लागते. अशा गावात ज्याचं डोकं रात्री अकरानंतर चालायला लागतं, त्याला लहानपणापासून ‘आळशी’ हेच नाव पडतं.

मी राजारामपुरीत एक छोटी अभ्यासिका सांभाळते आणि स्वतः रात्रीची माणूस आहे. मुलं-मुली, त्यांचे आईवडील, कधी पाळीवरून सुटून आलेले कामगार जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथं एकत्र केलेत. माझं म्हणणं आधीच सांगते. रात्री अभ्यास करण्यात काही वावगं नाही, पण झोप पुरी झाली पाहिजे आणि झोपायची वेळ रोज तीच पाहिजे. या दोन गोष्टी सांभाळल्या की बाकीचं बरंचसं सांभाळता येतं.

सगळे पहाटे उठतात, मला जमतच नाही. मी खरंच आळशी आहे का?

नाही. मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथं एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर, पेशींचा एक बारीक पुंजका असतो. शरीराचं मुख्य घड्याळ ते. झोप कधी यावी, अंगातलं तापमान कधी उतरावं, भूक कधी लागावी, हे तिथून ठरतं. हे घड्याळ बरोबर चोवीस तासांचं नसतं, बहुतेक माणसांत ते चोवीस तासांहून थोडं जास्त चालतं आणि रोजच्या उजेडाने पुन्हा जुळवून घेतलं जातं. कुणाचं जरा पुढं असतं, कुणाचं मागं. १९७६ साली हॉर्न आणि ऑस्टबर्ग या संशोधकांनी माणूस सकाळचा की संध्याकाळचा हे ओळखायची प्रश्नावली केली, ती आजही वापरात आहे. पेशीच्या आत हे घड्याळ कसं चालतं हे शोधणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. २०१९ मध्ये जवळपास सात लाख लोकांच्या जनुकांचा अभ्यास झाला, त्यात माणसाच्या या सकाळ-रात्रपणाशी संबंध असलेल्या ३५१ जागा सापडल्या. म्हणजे यात आईवडिलांकडून आलेलाही वाटा आहे. तुमचा आजोबा रात्री दोनला उसाला पाणी पाजून ताजातवाना परत यायचा का, हे घरात एकदा विचारून बघा.

आळस वेगळा. आळशी माणसाला रात्रीही काम नको असतं.

वय वाढलं की हे बदलतं का?

बरंचसं. तेरा-चौदाव्या वर्षापासून झोपेची वेळ पुढं सरकत जाते, विशीच्या आसपास सगळ्यात उशिराची होते आणि मग हळूहळू मागं येते. बारावीतला मुलगा आणि त्याचे पन्नाशीचे वडील यांच्यात वाद होतो तो पुष्कळदा या दोन टोकांचा असतो. पण आपल्याच वयाच्या लोकांत जो सगळ्यात उशिराचा, तो म्हातारपणीही सहसा उशिराच्याच बाजूला राहतो.

बाबा म्हणतात, पहाटे चारचा अभ्यासच डोक्यात बसतो. खरं आहे?

बाबांचा अनुभव खोटा नाही. त्यांच्या घरात एक खोली आणि एक दिवा असेल. दिवसभर शेत, जनावरं, भावंडं. रात्री आठ-नऊला गाव झोपायचं आणि चारला उठलेल्या पोराची सात तास झोप झालेली असायची. वर शांतता, कुणी हाक मारत नाही. असा अभ्यास डोक्यात बसणारच.

त्यातलं काय उपयोगी पडलं ते मात्र नीट बघायला हवं. झोप पुरी झालेली होती आणि मध्ये कुणी उठवत नव्हतं. या दोन्ही गोष्टी रात्री अकरा ते दीडमध्येही मिळू शकतात. वाचलेलं पक्कं होतं ते पुढच्या झोपेत. दिवसभरात जे शिकलो त्याची उजळणी मेंदू झोपेत करतो, त्यामुळे अभ्यास करून लगेच झोपणाऱ्याला त्याचा फायदाच असतो. रात्री एकला झोपून चारचा गजर लावणं हे सगळ्यात वाईट. तीन तासांची झोप, जड डोकं, आणि पुस्तकावर मान टाकून सहा वाजतात. घरच्यांना उठलेलं दिसतं म्हणून समाधान मिळतं, अभ्यास होत नाही. अशी मुलं मी नेहमी बघते आणि मला त्यांचं फार वाईट वाटतं, कारण ती मेहनतीत कुठंच कमी नसतात.

सकाळी आपोआप जाग येणाऱ्याने पहाटेच अभ्यास करावा. त्याला रात्री जागवणंही तितकंच चूक.

आपल्याकडं सूर्य उशिरा उगवतो म्हणतात. त्याचा काही संबंध आहे?

आहे, आणि हे फारसं कुणी लक्षात घेत नाही. भारताचं घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळ. कोल्हापूर साधारण ७४.२ अंशांवर. एका अंशाला सूर्य चार मिनिटं घेतो, म्हणून आपला सूर्य घड्याळाच्या सुमारे ३३ मिनिटं मागं चालतो. जानेवारीत इथं सात वाजून गेल्यावर उजाडतं. कोलकात्याचा सूर्य आपल्यापेक्षा जवळपास तासभर पुढं, पण शाळेची घंटा घड्याळावर वाजते. शरीर तर उजेडाकडं बघतं. थंडीत साडेसहाच्या क्लासला निघालेलं पोर खरं म्हणजे अंधारात, शरीराच्या हिशेबाने सहाच्या सुमारास, सायकल मारत असतं. ज्याचं घड्याळ मुळात उशिराचं, त्याला हे अर्ध्या तासाचं ओझं जास्त बोचतं.

मग झोपायचं किती वाजता?

आकडा माझा नको, तुमचा काढा. सुट्टीत, गजर न लावता, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून आठवडाभर झोपा. पहिले दोन-तीन दिवस जुनी थकबाकी निघेल, ते सोडून द्या. नंतरच्या दिवसांत झोप कधी येते आणि जाग कधी येते ते वहीत लिहा. मोठ्या माणसाला रात्रीतून किमान सात तास झोप लागते, तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा.

समजा तुमची वेळ दीड ते नऊ निघाली. रोज दीड ते नऊच. रविवारीही. बहुतेकांचं इथं बिनसतं. सोमवार ते शुक्रवार कॉलेजसाठी साडेसहाला उठायचं, शनिवारी तीनपर्यंत जागायचं आणि रविवारी बाराला उठायचं. दर आठवड्याला शरीराला परदेशात नेऊन परत आणल्यासारखं होतं ते. टिल रोनेबर्ग या जर्मन संशोधकाने याच अवस्थेचा अभ्यास करून तिला ‘सोशल जेटलॅग’ हे नाव दिलं. सोमवारी सकाळी डोकं दुखतं, चिडचिड होते, त्याचं खापर मग रात्रीच्या अभ्यासावर फुटतं. रविवारी तासाभराची सवलत घ्या, त्याहून जास्त नको.

माझं कॉलेज सकाळी साडेसातला असतं. मी काय करू?

घड्याळ पूर्ण उलटवता येणार नाही, पण तास-दीड तास मागं ओढता येतं, म्हणजे झोप तेवढी लवकर आणता येते. ओढणारा दोर म्हणजे उजेड. उठल्या उठल्या गच्चीवर किंवा दारात वीस-तीस मिनिटं उघड्यावर बसा, चहा तिथंच घ्या, पेपर तिथंच वाचा. सकाळचा उजेड झोपेची वेळ मागं आणतो, रात्रीचा पुढं ढकलतो. त्यामुळे रात्री दहानंतर खोलीतली ट्यूब बंद करून टेबलावरचा पिवळा दिवा लावायचा. वेळ एकदम न बदलता दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं आधी झोपायचं.

कॉलेजवरून आल्यावर दुपारी वीस मिनिटं डोळे मिटायला हरकत नाही, चारच्या आत. तासभर झोपलात तर उठल्यावर सुन्न वाटेल आणि रात्रीची झोप आणखी पुढं जाईल.

आणि वेळापत्रक ठरवताना स्वतःला फसवू नका. कॉलेज साडेसातला असेल तर दोनपर्यंत जागणं तुमच्या वाट्याला नाही. साडेअकरापर्यंतचा अभ्यास हाही रात्रीचाच अभ्यास आहे. कठीण विषय त्या वेळेत ठेवा, सकाळी नुसतं लिहून काढायचं, वह्या पूर्ण करायचं काम.

परीक्षा तर दिवसा असते. रात्रीच्या अभ्यासाचा तिथं तोटा होणार नाही का?

कुठली परीक्षा त्यावर आहे. बारावीचा पेपर सकाळी अकराला किंवा दुपारी तीनला. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा दुपारी दोनला सुरू होते. या वेळा रात्रीच्या माणसाला मुळीच वाईट नाहीत. यूपीएससीची पूर्वपरीक्षा साडेनऊला, अभियांत्रिकी प्रवेशाच्या जेईईची पहिली पाळी नऊला, इथं तयारी लागते. परीक्षेच्या दोन-तीन आठवडे आधीपासून झोप मागं आणायला घ्या आणि सराव पेपर त्याच वेळेला, घड्याळ लावून सोडवा.

पोलीस भरतीवाल्यांचं वेगळं. मैदानी चाचणी भल्या सकाळी असते, मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर पळायचं असतं, आणि मैदानावर रांगेत त्याआधीच उभं राहावं लागतं. आपल्या जिल्ह्यातली किती पोरं यासाठी घाम गाळतात ते सगळ्यांना माहीत आहे. त्यांना मी स्पष्ट सांगते की मैदान होईपर्यंत रात्र विसरा. अर्धवट झोपेत पळून पाय मुरगळून घेतलेलं पोर वर्ष घालवून बसतं. लेखी परीक्षेच्या तयारीला लागाल तेव्हा रात्र पुन्हा तुमची.

आईला कसं समजावू? रोज सकाळी वाद होतो.

“कोंबडं आरवायला झोपतीस, उन्हं अंगावर येस्तोवर लोळतीस, उद्या सासरी कोण ठेवून घेणार तुला?” हे वाक्य मी इतक्या मुलींच्या तोंडून ऐकलंय की ते कुठल्या एका आईचं राहिलेलंच नाही. मुलांना सासरचं सोडून बाकी सगळं ऐकायला मिळतं.

आईला शास्त्र सांगून उपयोग होत नाही, निदान आधी तरी. तिला दिसतं ते एवढंच की ती साडेपाचला उठून पाणी भरते, डबे करते, झाडलोट करते आणि पोर झोपलेलं आहे. तुम्ही रात्री दीडपर्यंत राबलात ते तिने बघितलेलंच नाही, ती तेव्हा झोपलेली होती. म्हणून पहिलं काम, घरातली एक जबाबदारी रात्रीच्या वेळेत घ्या आणि ती चुकवू नका. रात्रीची भांडी घासून पालथी घाला. सकाळची भाजी निवडून, चिरून फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवसाची कणीक मळून ठेवा. ओटा स्वच्छ मिळाला की आईचा सकाळचा अर्धा तास वाचतो, आणि तो तिला रोज जाणवतो.

दुसरं, एक वही ठेवा. तारीख, किती वाजता बसलो, काय वाचलं, किती वाजता झोपलो, किती वाजता उठलो. महिनाभराने ती वही आणि चाचणीचे गुण दोन्ही आईवडिलांसमोर ठेवा. गुण घसरले असतील तर तुमचं वेळापत्रक चुकतंय, ते मान्य करून बदला. वाढले असतील तर वाद आपोआप निवतो.

तिसरं, घरातल्या मोठ्यांसाठी काही सकाळी सोडाव्याच लागतात. पाडवा, दसरा, घरातलं लग्नकार्य, आजीला दवाखान्यात न्यायचा दिवस. त्या दिवशी न कुरकुरता उठा. वर्षाचे बाकीचे दिवस तुमचे होतात ते या थोड्या दिवसांच्या जोरावर.

आईवडील हे वाचत असतील तर त्यांना एक विनंती आहे. नऊला उठणारं पोर दीडला झोपलेलं असेल तर ते साडेसात तासच झोपलंय, तुमच्याइतकंच किंवा तुमच्यापेक्षा थोडं जास्त. पाहुण्यांसमोर त्याला आळशी म्हणू नका. ते लागतं.

कॉट बेसिसवर राहतो. रूम पार्टनर दहाला झोपतात. अभ्यास कुठं करू?

खोलीतच करता येतो. मानेचा, खाली वळणारा टेबल लॅम्प घ्या आणि टेबल भिंतीकडं तोंड करून लावा. दिव्याच्या टोपणाला खोलीच्या बाजूने पुठ्ठ्याची पट्टी चिकटवली की उजेड वहीवरच पडतो. बुटाच्या खोक्याचं झाकण त्याला पुरतं. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने दिवा डावीकडं ठेवावा, म्हणजे हाताची सावली अक्षरावर येत नाही. पाठांतर मोठ्याने करायची सवय असेल तर ते आठच्या आत उरकून घ्या, रात्री फक्त लिहिणं आणि सोडवणं. मोबाईल थरथरण्यावरही नको, लाकडी टेबलावर तो आवाज घुमतो.

आणि पार्टनरशी सकाळचं बोलून ठेवा. तुम्ही रात्री दबकून वागणार, तर त्यानेही पहाटे पाच वेळा गजर वाजू देऊ नये. हे पहिल्या आठवड्यातच बोलावं. नंतर बोललं की भांडण होतं.

रात्री भयंकर भूक लागते.

जेवण आठ-साडेआठला आणि झोप दीडला म्हटल्यावर लागणारच. बाराच्या आसपास हलकं काहीतरी खा. भडंग आपल्याकडं घरोघरी असतेच, पण ती तिखट करू नका आणि वाटीत काढून घ्या, डबा घेऊन बसलात की संपतो. फुटाणे, शेंगदाणे, केळं, ज्वारीच्या लाह्या चालतात. तांबडा-पांढरा जेवायचा बेत असेल तर तो नऊच्या आत. तिखट आणि तेलकट खाऊन तासाभरात आडवं झालं की जळजळत वर येतं आणि झोप मोडते.

सगळ्यात चांगलं दूध. गंगावेशीचा दूध कट्टा अजून ज्यांनी बघितला नसेल त्यांनी एकदा संध्याकाळनंतर जरूर जावं. म्हशी रस्त्याकडेला उभ्या असतात, गवळी तुमच्यादेखत कास धुतो, बादलीत धार काढतो आणि फेसाचा पेला तसाच हातात देतो. धार लागते तो आवाज, पेल्याचा कोमटपणा, मिशीला लागलेला फेस पुसत उभे असलेले तालमीतले गडी. पोट नाजूक असेल तर कच्चं दूध पिऊ नका, घरी आणून तापवून घ्या.

मेसवाल्यांचा नाश्ता तुम्ही उठायच्या आत संपतो ही खरी अडचण. नाश्त्याऐवजी दुपारचा डबा अकराला मागून घ्या, बहुतेक मेसवाले महिन्याच्या सुरुवातीला सांगितलं तर ऐकतात.

जागायला चहा किती प्यावा?

जागायला चहा लागत असेल तर ती तुमची वेळ नव्हे, एवढं आधी समजून घ्या. रात्रीच्या माणसाला अकराला आपोआप तरतरी असते. चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात. दीडला झोपणाऱ्याने शेवटचा चहा साडेसातच्या आत घ्यावा. स्टँडवर रात्री एकला कटिंग मारायला जाण्यातली मजा मलाही कळते, मित्र भेटतात, पाय मोकळे होतात. तिथं जाऊन गरम दूध प्या.

रात्री जागतो, पण अभ्यास होतच नाही. मोबाईलवर तीन वाजतात.

हा प्रश्न फार थोडी मुलं उघडपणे विचारतात, म्हणून विचारणाऱ्याचं मला कौतुक वाटतं. दिवस आपल्या हातात राहिला नाही असं वाटलं की माणूस रात्रीतून तो परत घ्यायला बघतो. दिवसभर क्लास, टेस्ट, घरच्यांची बोलणी. अकरानंतर कुणी काही म्हणत नाही, म्हणून झोप येत असूनही सोडवत नाही. याला रात्रीचा माणूस असणं म्हणत नाहीत. अशा मुलाला आणखी शिस्त लावून फारसं काही साधत नाही, त्याला दिवसा मोकळा वेळ द्यावा लागतो. संध्याकाळी तासभर मैदानावर जा, फुटबॉल खेळा, पंचगंगेच्या घाटावर जाऊन बसा, आणि हे मनात अपराधी न वाटू देता करा. अकरानंतर मोबाईल घरातल्या दुसऱ्या कुणाकडं ठेवायला द्या. पडद्याचा उजेड झोप लांबवतो हे खरं, पण त्याहून जास्त नुकसान ‘आणखी एकच’ बघण्याने होतं.

मी मुलगी आहे. रात्री अभ्यासिकेत बसता येईल का?

या प्रश्नाला मला रोज अर्धवट उत्तर द्यावं लागतं, आणि त्याचा मला त्रास होतो.

कोल्हापुरातल्या पुष्कळ अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत किंवा रात्रभर उघड्या असतात. कागदावर त्या सगळ्यांसाठी असतात. प्रत्यक्षात नऊ-दहानंतर तिथं मुलं उरतात. मुलींच्या वसतिगृहाचं फाटक बंद होतं, घरून फोन येतात, केएमटीच्या बस कमी होतात, आणि एकटी मुलगी रिक्षाने अकराला घरी आली तर गल्लीतल्या चार खिडक्या उघडतात. त्यामुळे ज्या मुलीचं डोकं रात्री चालतं, तिला घरच्या स्वयंपाकघरात, सगळ्यांची जेवणं आणि आवराआवर झाल्यावर, जमिनीवर बसून अभ्यास करावा लागतो. तिचा भाऊ तेव्हा अभ्यासिकेत खुर्चीवर असतो.

शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, आणि एकेका समाजाच्या मुलांना शहरात छप्पर मिळत गेलं. १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम निघाला. याच संस्थानात रखमाबाई केळवकर मुलींच्या शिक्षणाचं खातं सांभाळत होत्या. शिकायला येणाऱ्याला आधी बसायला जागा लागते हे ज्या गावाने इतक्या आधी ओळखलं, त्या गावात मुलींसाठी रात्रभर उघडी, आतून सुरक्षित, परतायची सोय असलेली अभ्यासिका वॉर्डावॉर्डात असायला हवी. मंडळांकडं हॉल आहेत, तालमींकडं इमारती आहेत, समाजांची मंगल कार्यालयं वर्षातले निम्मे दिवस रिकामी असतात. मी हे बोलत राहणार आहे.

तोवर काय करता येईल ते सांगते. एकाच गल्लीतल्या तीन-चार मैत्रिणींनी आळीपाळीने एकमेकींच्या घरी बसावं आणि रात्री तिथंच मुक्काम करावा. एकीच्या घरच्यांपेक्षा चौघींच्या घरच्यांनी मिळून दिलेली परवानगी जास्त टिकते. वसतिगृहात असाल तर फाटकाची वेळ बदलायची मागणी करण्याआधी आतली वाचन खोली रात्री उघडी ठेवायची मागणी करा, सगळ्याजणींच्या सह्या घेऊन. ती मान्य होणं सोपं असतं.

रात्री अभ्यासिकेतून परतताना काय काळजी घ्यावी?

ओळखपत्र जवळ ठेवा, गस्तीवरच्या पोलिसांनी थांबवलं तर सरळ उत्तर द्या. कुत्र्यांच्या टोळीतून गाडी पळवू नका, वेग कमी करा. शक्यतो दोघं मिळून निघा. अडचणीत ११२ लावा.

मी एमआयडीसीत तिसऱ्या पाळीला आहे आणि बाहेरून पदवी करतोय. जमेल का?

जमतं, पण शरीरावर भार पडतो आणि तो लपवण्यात अर्थ नाही. शिरोलीच्या फाउंड्रीत असा, गोकुळ शिरगावला असा, की इचलकरंजीत मागावर, रात्रीचं काम आणि उजेडातली झोप यांचं शरीराशी जमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००७ पासून रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवलंय. घाबरून नोकरी सोडावी असा त्याचा अर्थ नाही, झोपेत काटकसर करू नये एवढा आहे.

पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर साहेबांना विचारून निदान महिनाभर एकच मिळते का बघा. बदलायचीच असेल तर पहिली, मग दुसरी, मग तिसरी या क्रमाने पुढं सरकणारी बरी, उलट्या क्रमाची जास्त छळते. सकाळी घरी येताना काळा गॉगल लावा, येऊन लगेच झोपा, आणि अभ्यास झोपून उठल्यावर, कामावर जायच्या आधी करा. पाळीवरून येऊन पुस्तक उघडणं हा नुसता छळ आहे.

सगळ्यात महत्त्वाचं परतीच्या गाडीचं. सतरा तास सलग जागं राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी मंद होते, असं १९९७ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात दिसलं. आपल्या कायद्यात गाडी चालवायची मर्यादा ०.०३ टक्के आहे. पहाटे तीन ते सहा हा सगळ्यात वाईट वेळ. डोळे जड झाले तर हायवेवर बाईक घालू नका. कंपनीच्या गेटवर वीस मिनिटं टेकून झोपा, मग निघा.

दिवसा किंवा सकाळी उशिरापर्यंत झोप लागत नाही. उन्हाळ्यात तर पत्र्याची खोली तापते.

खिडकीला जाड चादर किंवा जुनी गोधडी लावा, फटीतून येणारा उजेड बंद होईपर्यंत. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखाली नऊपर्यंत झोपणं अशक्य आहे, त्या दोन महिन्यांत वेळापत्रकच तासभर मागं आणा आणि उरलेली झोप दुपारी पंख्याखाली पुरी करा. पावसाळा आपल्या बाजूचा, आभाळ भरलेलं असतं आणि हवा गार. मात्र वळवात आणि जूनच्या पहिल्या पावसात लाईट जाते, म्हणून चार्जिंगचा दिवा भरून ठेवा.

उठल्यावर उन्हात जायला विसरू नका. रात्रीच्या माणसांत ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता पडायला वेळ लागत नाही. अकरा ते दोनमधलं ऊन त्यासाठी चांगलं.

मी रात्रीची माणूस नाही. पण मुलं झोपल्यावरच मला अभ्यासाला वेळ मिळतो.

ताई, तुमचा प्रश्न या पानावरच्या बाकी सगळ्यांपेक्षा अवघड आहे. तुम्ही दहानंतर बसता आणि साडेपाचला उठता, तेव्हा तुमच्या शरीराचं घड्याळ आणि घराचं घड्याळ दोन्ही तुमच्या विरुद्ध आहेत. मुक्त विद्यापीठाची पदवी करणाऱ्या, बीएड करणाऱ्या, एमपीएससीचा शेवटचा प्रयत्न करणाऱ्या कितीतरी जणी अशाच शिकतात. त्यांना ‘झोप पुरी घ्या’ असं नुसतं सांगणं अन्याय आहे.

म्हणून तुम्हाला नको, तुमच्या घरच्यांना सांगते. आठवड्यातल्या चार सकाळी डबे आणि मुलांचं आवरणं नवऱ्याने करावं. त्याला येत नसेल तर महिन्यात येतं, पोहे आणि चपात्या ही काही दुर्मीळ विद्या नव्हे. त्या चार दिवशी ताई साडेसातला उठतील. बाकीच्या तीन दिवशी रात्रीचा अभ्यास नको, मुलं शाळेत गेल्यावरचा तास-दीड तास ठेवा.

सणासुदीत काय करायचं?

गणपतीच्या आणि नवरात्रीच्या दिवसांत शहर आपल्या वेळेला जागं असतं, त्याचा आनंद घ्या. लाऊडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद ठेवायचा हा २००० सालच्या नियमांतला दंडक आहे, सणांत ठरावीक दिवस तो बारापर्यंत सैल होतो. विसर्जन मिरवणूक रात्रभर आणि दुसऱ्या दिवशीही चालते, त्या दोन दिवसांत अभ्यास ठरवूच नका.

डॉक्टरांना कधी दाखवायचं?

दोन-तीन महिने प्रयत्न करूनही पहाटे तीन-चारच्या आधी झोपच येत नसेल आणि त्यामुळे कॉलेज, नोकरी सुटायची वेळ आली असेल, तर. झोपेत घोरणं, श्वास अडकून दचकून उठणं, किंवा सतत उदास वाटणं असेल तर त्याहून लवकर. मेलाटोनिनच्या गोळ्या कुणी सांगितल्या म्हणून दुकानातून आणून खाऊ नका. किती आणि कुठल्या वेळेला घ्यायच्या यावर त्यांचा सगळा परिणाम अवलंबून असतो, वेळ चुकली तर घड्याळ उलट्या बाजूला सरकतं.

परीक्षेच्या आदल्या रात्री जागू का?

नेहमी झोपता त्या वेळेच्या पुढं एक मिनिट नको. पेपर अकराला असेल तर नेहमीचे दीड वाजायच्या आत अंथरुणात असा, गजर साडेआठला लावा आणि घरातल्या एका माणसाला हाक मारायला सांगून ठेवा. हॉल तिकीट, पेन, पाण्याची बाटली रात्रीच पिशवीत घाला.